मुंबई–लंडन विमानसेवेचे परीक्षण: विक्रेते किती आणि भाडे किती

मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर थेट जाणाऱ्या विमानसेवेचे हे परीक्षण आहे. ते एका कंपनीपुरते नाही, तर या मार्गावर आसने विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे मिळून आहे, कारण यांपैकी कोणत्याही कंपनीचे भाडे तिच्या प्रतिस्पर्ध्यांपासून वेगळे काढून तपासता येत नाही, असे माझे मत आहे. विमानातले जेवण, आसनाची रुंदी, पडद्यावरचे चित्रपट यांविषयी प्रवासी भरभरून लिहितात. भाड्याविषयी मात्र ‘यंदा फार महाग होते’ किंवा ‘बरे मिळाले’ यापलीकडे सहसा कोणी जात नाही. प्रत्यक्षात घरातल्या माणसांच्या खिशाला चटका बसतो तो भाड्याचाच, म्हणून या लेखात प्रामुख्याने भाड्याचाच विचार केला आहे.

हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे आणि जाताना साधारण दहा तास लागतात. येताना वारा मागून असल्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या तीन कंपन्या या मार्गावर मुरलेल्या आहेत, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये इंडिगोनेही येथे थेट सेवा सुरू केली. भारतातून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या मार्गांमध्ये प्रवाशाच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत समाधानकारक मार्गांपैकी एक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. त्याचे श्रेय कोणा एका कंपनीच्या उदारपणाला जात नाही. येथे एका कंपनीने भाडे चढवले तर प्रवाशाला दुसऱ्या दारी जाता येते, आणि हे प्रत्येक कंपनीला पक्के ठाऊक असते.

ही स्थिती आपोआप आलेली नाही. दोन देशांमध्ये आठवड्याला किती विमाने जातील आणि कोणत्या शहरांना जातील, हे त्या देशांची सरकारे द्विपक्षीय करार करून ठरवतात, आणि भारत–ब्रिटन करार 2004 पर्यंत फार आखडता होता. मुंबई–लंडन मार्ग तेव्हा मुख्यतः दोन जुन्या कंपन्यांच्या हातात होता आणि त्यांना एकमेकींशी झुंजण्याचे फारसे कारण नव्हते. करार सैल झाल्यावर 2005 मध्ये चित्र पालटले. जेट एअरवेजने 23 मे 2005 रोजी मुंबई–लंडन सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी व्हर्जिन अटलांटिक व बीएमआय या ब्रिटिश कंपन्याही मुंबईत आल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उड्डाणांची संख्या दुपटीहून अधिक वाढली आणि भाडी उतरली, असा त्याचा सूर होता. इंधन त्या काळात स्वस्त होत नव्हते, उलट महागच होत होते. तरीही भाडी उतरली याचे कारण उघड आहे: विकणारे वाढले होते.

विकणारे कमी झाले की काय होते, हेही मुंबईने पाहिले आहे. जेट एअरवेज एके काळी मुंबईहून लंडनला दिवसाला तीन विमाने सोडत असे. 17 एप्रिल 2019 रोजी तिचे शेवटचे विमान उडाले आणि ऐन सुट्टीच्या तोंडावर एवढी आसने एका झटक्यात बाजारातून नाहीशी झाली. त्या उन्हाळ्यात ज्यांनी मुलांकडे जाण्याची तिकिटे उशिरा काढली, त्यांना त्याची झळ लागली. व्हर्जिनने जानेवारी 2015 मध्ये मुंबईची सेवा बंद केली होती. जेट गेल्यावर ऑक्टोबर 2019 मध्ये ती परत आली. भाडे चढते तेव्हा नवा विक्रेता आकर्षित होतो, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य येथे सहा महिन्यांत खरे ठरले.

पण व्हर्जिनला परत येता आले ते तिच्याजवळ हीथ्रोवर उतरण्याची व निघण्याची ठरीव वेळ, म्हणजे स्लॉट, होता म्हणून. हीथ्रोवर वर्षाला 4,80,000 उड्डाणांची मर्यादा आहे आणि ती जवळजवळ भरलेलीच असते. ओमान एअरने 2016 मध्ये तेथील स्लॉटच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त तेव्हा सर्वत्र आले होते. उतरण्याच्या हक्कासाठीच एवढा पैसा ओतावा लागत असेल, तर मुंबईत बसून ‘आणखी एक कंपनी का येत नाही’ असे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही. आपल्याकडेही अडचण आहेच. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि सोयीच्या वेळा कधीच भरून गेल्या आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. लंडनच्या भाड्याशी त्याचा संबंध आज थेट जाणवणार नाही, परंतु मुंबईत वेळा मोकळ्या झाल्याशिवाय येथे नवा विक्रेता येणे कठीण आहे. म्हणून उलव्यातल्या त्या धावपट्टीकडे मी भाड्याच्या दृष्टीनेही पाहतो.

स्पर्धा वाढली म्हणजे भाड्याचा आकडा सरसकट खाली येतो, असा अनेकांचा समज असतो. तसे घडत नाही. विमानातील इकॉनॉमी वर्ग प्रवाशाला एकच दिसतो, पण विक्रीच्या यंत्रणेत त्याचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे डझनभर तरी भाडेवर्ग असतात. आसन तेच, जेवण तेच, पण ‘वाय’ या अक्षराच्या वर्गाचे तिकीट सर्वांत महाग आणि खालच्या अक्षरांची तिकिटे त्याहून कितीतरी कमी किमतीत मिळतात. कोणत्या दिवशी कोणत्या अक्षरात किती आसने खुली ठेवायची, हे कंपनीचा महसूल विभाग रोज ठरवतो. प्रतिस्पर्धी बलवान असेल तर स्वस्त अक्षरे जास्त दिवस खुली राहतात; तो अशक्त असेल तर ती लवकर बंद होतात. छापील भाडे दोन्ही वेळी तेच असू शकते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात झेंडूचा भाव ज्या रीतीने तासातासाला हलतो, तीच रीत येथेही आहे: माल टिकणारा नाही, शेजारचा विक्रेता काय करतो यावर डोळा आहे, आणि वेळ टळून गेली की उरलेल्या मालाची किंमत शून्य.

फरक एवढाच की येथे शेजाऱ्याचा भाव कळण्यासाठी कानोसा घ्यावा लागत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या आपली भाडी अटपको या सामाईक यंत्रणेतून दिवसातून अनेक वेळा प्रसिद्ध करतात आणि इतरांना ती लगेच दिसतात. एकीने भाडे उतरवले तर दुसरी काही तासांत ते गाठू शकते. त्यामुळे एखाद्या कंपनीची ‘खास सवलत’ जाहीर झाली की त्याच दिवशी बाकीच्या कंपन्यांची भाडीही पाहावीत, असा माझा आग्रह असतो. बऱ्याचदा जाहिरात एकीची असते आणि भाडे सगळ्यांचे उतरलेले असते.

या मार्गाचा खरा लगाम माझ्या मते थेट जाणाऱ्या कंपन्यांच्या हाती नाही. तो दुबई, दोहा, अबुधाबी, मस्कत, बहरीन आणि इस्तंबूल येथे आहे. तेथून विमान बदलून लंडनला नेणाऱ्या कंपन्या मुंबईकर प्रवाशाला चार-सहा तास जास्तीचे सोसायला लावतात आणि त्या बदल्यात कमी भाडे देऊ करतात. थेट विमानाचे भाडे त्यांच्या भाड्याच्या फार वर गेले, की सामान्य कुटुंब विमान बदलण्याचा त्रास पत्करते. एकट्या माणसाला तो फरक किरकोळ वाटेल, परंतु चौघांचे कुटुंब असेल तर तोच फरक चौपट होतो आणि मग दोह्याच्या विमानतळावर मध्यरात्री मुलांना बाकावर झोपवण्याची आईवडिलांची तयारी होते. थेट सेवा विकणारी कंपनी या तयारीचा नेमका हिशेब ठेवते. वृद्ध आईवडील, पहिल्यांदाच परदेशी निघालेली सासू, चाकाच्या खुर्चीची गरज असलेले आजोबा हे प्रवासी विमान बदलायला राजी नसतात, हेही तिला माहीत असते. थेट विमानाचे जास्तीचे मोल मुख्यतः त्यांच्याकडून वसूल होते.

या लगामालाही दोर बांधलेला आहे. भारत आणि दुबई यांच्यातील करारात प्रत्येक बाजूच्या विमान कंपन्यांना आठवड्याला सुमारे 66,000 आसनांची मर्यादा 2014 मध्ये ठरली आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. एमिरेट्सने ती वाढवण्याची मागणी वारंवार जाहीरपणे केली आहे. भारत सरकारचे म्हणणे असे, की आधी भारतीय कंपन्यांनी थेट सेवा उभी करावी. आखाती कंपन्यांना मोकळे रान दिले तर आपला प्रवासी कायमचा दुबईमार्गेच जात राहील. अबुधाबीच्या बाबतीत 2013 मध्ये उलट घडले होते. तेथील एतिहाद कंपनीने जेट एअरवेजमध्ये 24 टक्के हिस्सा 2,058 कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले, त्याच सुमारास अबुधाबीचा आसनकोटा कितीतरी वाढवण्यात आला. सरकारची बाजू मला समजते आणि भारतीय कंपनी सशक्त असावी असे मलाही मनापासून वाटते. पण सप्टेंबरमध्ये लंडनचे एकमार्गी तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी या धोरणाची किंमत मोजली जाते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. ब्रिटनमधील विद्यापीठे सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात. त्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील मुले एकाच वेळी निघतात, आखाती कंपन्यांची आसने वाढू शकत नाहीत आणि स्वस्त अक्षरे जुलैतच संपलेली असतात.

कंपन्यांची नावे मोजताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. विस्ताराही मुंबईहून लंडनला जात असे. 12 नोव्हेंबर 2024 रोजी ती एअर इंडियात विलीन झाली आणि प्रवाशापुढचा एक स्वतंत्र विक्रेता कमी झाला. मुंबईहून युरोपमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हे फार बारकाईने पाहावे. अटलांटिक महासागरावरील सेवेत व्हर्जिन, डेल्टा, एअर फ्रान्स आणि केएलएम या कंपन्या संयुक्त व्यवसायाच्या करारात आहेत. ब्रिटिश एअरवेज व अमेरिकन एअरलाइन्स यांचा दुसरा असाच गट आहे. लुफ्तान्सा, युनायटेड आणि एअर कॅनडा यांचा तिसरा. त्या पल्ल्याचे उत्पन्न ते आपसांत वाटून घेतात आणि भाडी एकत्र ठरवण्याची मुभा त्यांना नियामकांनी दिलेली आहे. संकेतस्थळावर दहा नावे दिसली तरी सौदा खरे म्हणजे तीन गटांशी चाललेला असतो.

मुंबई–न्यूयॉर्क मार्गाशी तुलना केली की लंडनच्या मार्गाचे मोल कळते. डेल्टाने डिसेंबर 2019 मध्ये मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली आणि करोनामुळे तीन महिन्यांत ती थांबली. मार्च 2022 मध्ये रशियाची हवाई हद्द टाळावी लागल्यामुळे युनायटेडने नेवार्क–मुंबई सेवा स्थगित केली. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान सुरू केले तेव्हा वेळ वाचवू पाहणाऱ्या प्रवाशापुढे फारसा पर्यायच नव्हता. तो मार्ग लंडनच्या मार्गाहून बराच लांब असल्याने जास्त भाडे अपेक्षितच आहे, पण तेथील भाडे अंतराच्या प्रमाणातही मोजून पाहावे. विक्रेत्यांची संख्या त्यात आपली छाप सोडते.

स्पर्धा उड्डाणाची नसते, दोन शहरांच्या जोडीची असते, ही गोष्ट बऱ्याच प्रवाशांना पटत नाही. मुंबईहून लंडनपर्यंतचे थेट तिकीट, त्याच विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या तिकिटापेक्षा महाग असल्याचे कधीकधी आढळते. कारण मुंबई–न्यूयॉर्क या जोडीसाठी लंडनमार्गे नेणाऱ्या कंपनीला दुबई, दोहा, फ्रँकफर्ट, पॅरिस, इस्तंबूल अशा अनेक वाटांशी झुंजावे लागते, तर मुंबई–लंडन थेट जाणाऱ्यांमध्ये तिचे प्रतिस्पर्धी मोजकेच असतात. काही जण मग न्यूयॉर्कचे तिकीट काढून लंडनलाच उतरण्याची युक्ती सुचवतात. मी ती कोणालाही सुचवणार नाही. सामान थेट शेवटच्या ठिकाणी जाते, पुढचा टप्पा सोडला की परतीचे तिकीट रद्द होते, आणि कंपन्यांच्या अटींमध्ये याला स्पष्ट मनाई असते.

आता स्पर्धा जेथे पोहोचत नाही त्या भागाकडे वळू. कोणत्याही ई-तिकिटाच्या शेवटी भाड्याची फोड दिलेली असते आणि ती बहुतेक जण उघडूनही पाहत नाहीत. ती शांतपणे वाचावी. पहिल्या ओळीत मूळ भाडे असते. त्याखाली वायक्यू किंवा वायआर या संकेताने कंपनीचा अधिभार असतो, ज्याला पूर्वी सरळ इंधन अधिभार म्हणत. हा कंपनीच्याच खिशात जातो, म्हणून तो करांच्या रांगेत बसला तरी भाडेच समजावा. विमानप्रवासातून साठलेले मैलांचे गुण वापरून ‘मोफत’ तिकीट काढले तरी पुष्कळ कंपन्या हा अधिभार घेतात. पुढे आयएन हे विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क, पी2 हे सुरक्षा शुल्क आणि के3 हा आपला वस्तू व सेवा कर. इकॉनॉमीसाठी तो 5 टक्के आहे; त्यावरच्या वर्गांसाठी 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 वरून 18 टक्के झाला. परतीच्या प्रवासासाठी यूबी म्हणजे ब्रिटनमधील विमानतळाचे प्रवासी शुल्क आणि जीबी म्हणजे ब्रिटिश सरकारचा हवाई प्रवासी कर.

हा जीबी कर सर्वांत जड आहे. भारतासारख्या अंतरासाठी सर्वांत खालच्या वर्गात तो 2025-26 मध्ये 90 पौंड होता आणि एप्रिल 2026 पासून 102 पौंड झाला. वरच्या वर्गांसाठी तो 216 वरून 244 पौंडांवर गेला. प्रीमियम इकॉनॉमीची गणना यासाठी वरच्या वर्गात होते, त्यामुळे पाय पसरायला थोडी जास्त जागा घेणाऱ्याला कर मात्र बिझनेस वर्गाएवढा पडतो. सर्वांत खालच्या वर्गात प्रवास करणाऱ्या 16 वर्षांखालील मुलांना हा कर माफ आहे. मुलांची तिकिटे एजंटाकडून काढली असतील तर फोडीत ही ओळ नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मूळ भाडे व अधिभार सोडून बाकीच्या ओळी स्पर्धेने कमी होत नाहीत. चार कंपन्यांच्या जागी आठ आल्या तरी त्या तशाच राहतील. म्हणून दोन कंपन्यांच्या एकूण रकमा ताडून पाहण्यापेक्षा मूळ भाडे अधिक अधिभार एवढ्याचीच तुलना करावी. कोण खरोखर उतरले आहे ते त्यातून स्वच्छ दिसते.

स्पर्धेचा एक अप्रिय परिणामही नोंदवला पाहिजे. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सर्वांत कमी आकडा वर दिसतो, त्यामुळे तो आकडा कमी दिसावा म्हणून कंपन्यांनी सेवेचे तुकडे पाडले आहेत. सामानासह आणि सामानाविना अशी दोन भाडी, आसन निवडण्याचे वेगळे पैसे, तारीख बदलण्याचे वेगळे. एका कंपनीच्या संकेतस्थळावर मी सर्वांत कमी भाड्याचे तिकीट निवडले तेव्हा एक बॅग, शेजारी-शेजारी दोन आसने आणि तारीख बदलण्याची मुभा एवढे जोडल्यावर रक्कम पहिल्या पानावरच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीच्याही वर गेली. यात फसवणूक नव्हती, सगळे लिहिलेले होते. पण शेवटच्या पानापर्यंत पोहोचणाऱ्यालाच ते कळत होते. मुंबईच्या टर्मिनल 2 वर लंडनच्या रांगेत थोडा वेळ उभे राहिले तरी या तुकड्यांची किंमत दिसते. बॅग 23 किलोच्या वर दोन किलो भरली म्हणून काउंटरच्या बाजूला फरशीवर ती उघडलेली असते, भाजणीची थैली आणि गोडा मसाला हातातल्या पिशवीत जातो, लोणच्याची बरणी हातातल्या सामानात चालणार नाही म्हणून ती पोहोचवायला आलेल्या मामांकडे परत दिली जाते आणि मुलीचे जाड जॅकेट अंगावर चढते. एका कंपनीत एकच बॅग आणि दुसरीत दोन बॅगा, हा फरक आपल्याकडच्या प्रवाशासाठी भाड्यातल्या फरकाएवढाच मोठा आहे. विद्यार्थ्यांसाठी बहुतेक कंपन्या जादा सामानाचे वेगळे भाडे ठेवतात. ते तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सहसा दिसत नाही, कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन शोधावे लागते.

लांब पल्ल्यावर अतिस्वस्त सेवा टिकेल का, हा प्रश्न इंडिगोच्या आगमनाने आपल्यापुढेही आला आहे. इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. फ्रेडी लेकर यांनी सप्टेंबर 1977 मध्ये लंडन–न्यूयॉर्क मार्गावर स्कायट्रेन ही स्वस्त विमानसेवा सुरू केली. लंडनहून एकमार्गी भाडे 59 पौंड, जेवणाचे पैसे वेगळे. मोठ्या कंपन्यांना आपली भाडी उतरवावी लागली, लाखो सामान्य माणसांनी पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला आणि 5 फेब्रुवारी 1982 रोजी लेकर यांची कंपनी बुडाली. नॉर्वेच्या नॉर्वेजियन या कंपनीने 2013 मध्ये लांब पल्ल्याची स्वस्त सेवा सुरू केली आणि जानेवारी 2021 मध्ये ती कायमची आवरली. आइसलँडच्या वॉव एअरने डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीपर्यंत मजल मारली होती. 28 मार्च 2019 रोजी ती कंपनीच बंद पडली आणि प्रवासी ठिकठिकाणी अडकले. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. मुंबई–गोवा मार्गावर एक विमान दिवसाला अनेक फेऱ्या करते आणि जमिनीवरचा वेळ वाचवून स्वस्त कंपनी नफा काढते. लंडनला जाऊन परत येण्यातच विमानाचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो, वाचवायला वेळच उरत नाही. इंधनाचा वाटा मोठा असतो आणि तो सगळ्यांना सारखाच पडतो. शिवाय जुन्या कंपन्यांच्या विमानात पुढच्या भागातील महाग आसनांवर इतका पैसा मिळतो, की मागची काही आसने त्यांना स्वस्तात सोडता येतात.

इंडिगोने हे ओळखल्याचे दिसते. तिने नॉर्स अटलांटिककडून भाड्याने घेतलेल्या बोइंग 787-9 विमानांत 338 आसने आहेत, त्यांपैकी 56 आसने पुढच्या, जास्त जागेच्या वर्गातली. जुलै 2025 मध्ये या विमानांनी तिने मुंबईहून मँचेस्टर व अ‍ॅमस्टरडॅमची सेवा सुरू केली. मात्र एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली, आणि एअर इंडियाने यामुळे वर्षाला सुमारे 60 कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज सरकारला कळवला होता. दिल्लीच्या विमानांना ही झळ जास्त लागते, मुंबईच्या विमानांना तुलनेने कमी. तरी ब्रिटिश कंपन्यांना हे बंधन नाही आणि भारतीय कंपन्यांना आहे, हा असमतोल भाड्याच्या स्पर्धेत धरावाच लागतो. चौथा विक्रेता टिकावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तो राहील तोवर बाकीच्या तिघांची स्वस्त अक्षरे खुली राहतील. त्यासाठी त्याच्या विमानात स्वतः बसलेच पाहिजे असे नाही. त्याच्या असण्याचा लाभ इतरांच्या विमानात बसणाऱ्यालाही होतो.

पुणेकर आणि गोवेकर यांच्यासाठी हा लाभ अपुराच आहे. पुण्याच्या विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तेथून लंडनला थेट विमान नाही. द्रुतगती मार्गावरची टॅक्सी आणि घाटातल्या कोंडीच्या भीतीने चार तास आधी निघणे, हे पुणेकराच्या भाड्यातच धरायला हवे. गोव्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. ब्रिटनमध्ये स्विंडन आणि साउथहॉल येथे गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे, आणि गोव्यातील मोपा ते लंडनचे गॅटविक विमानतळ ही एअर इंडियाची थेट सेवा त्यांना फार सोयीची होती. 12 जून 2025 च्या अहमदाबाद येथील भीषण दुर्घटनेनंतर कंपनीने आंतरराष्ट्रीय उड्डाणे कमी केली, तेव्हा स्थगित झालेल्या सेवांमध्ये हीही होती. मुंबईत एक विमान कमी झाले तर तीन विक्रेते उरतात. मोप्यात हे विमान थांबले की हाती मुख्यतः मुंबई किंवा आखात याच वाटा राहतात.

निवड करताना भाड्यात न दिसणारी एक गोष्ट मी नेहमी हिशेबात धरतो. ब्रिटनच्या कायद्यानुसार, कंपनीच्या चुकीने विमान लंडनला चार तासांहून अधिक उशिरा पोहोचले तर या अंतरासाठी प्रवाशाला 520 पौंड भरपाई मिळते. हवामान किंवा हवाई हद्द बंद होणे अशा कारणांना ती लागू नाही. लंडनहून निघणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. मुंबईहून लंडनला जाताना मात्र तो ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांच्या विमानांनाच लागू होतो, एअर इंडिया किंवा इंडिगोच्या विमानाला होत नाही. तेव्हा जातानाच्या तिकिटात भारतीय कंपनीचे भाडे इतरांइतकेच असेल तर मी ब्रिटिश कंपनीचे घेईन, आणि भारतीय कंपनीने फरकाची रक्कम खरोखर उतरवली असेल तर तिचे. येतानाच्या प्रवासात हा प्रश्न नसतो. तेथे मूळ भाडे, अधिभार आणि बॅगांची संख्या पाहून जे स्वस्त पडेल ते निर्धास्त घ्यावे.